रावसाहेबांचे तीन घास

१

गोठलेला उंदीर आदल्या संध्याकाळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. सकाळी तो पिशवीसकट अर्धा तास कोमट पाण्यात सोडायचा. मग पुसून कोरडा करायचा आणि डोक्याकडचा भाग ड्रायरनं थोडा जास्त तापवायचा, कारण या जातीच्या सापाला ओठांवरच्या खळ्यांतून ऊब कळते, डोळ्यांवर तो फारसा विसंबत नाही. शेवटी फूटभर लांब चिमट्यात कमरेपाशी धरून तो पेटीत न्यायचा आणि जिवंत असल्यासारखा हलवायचा. हे मला कुणी शिकवायला नको होतं. इथल्या, कुंभकोणमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. मेलेल्या जिवाची मला किळस नाही आणि जिवंत माणसांवर माझा फारसा विश्वास नाही.

साप माझ्या धाकट्या भावाचा, हरिप्रसादचा. आफ्रिकेतला बॉल पायथन, मनगटाहून जाड, चॉकलेटी अंगावर सोनेरी ठिपके. हरि तिरुभुवनम्‌च्या विणकरांसाठी संगणकावर साड्यांचे काठ काढून द्यायचा, आणि त्या अंगावरची नक्षी पाहूनच तो या प्राण्यावर भाळला होता. नाव ठेवलं रावसाहेब. कागदपत्रं रीतसर होती, पण लाड बेरीतसर. दर पंधरा दिवसांनी तंजावूरहून जिवंत उंदीर यायचा. विठ्ठलाची पूजा असलेल्या घरात हे चालतं का, असं मी एकदा विचारलं तेव्हा हरि म्हणाला होता की माडी हे वेगळं घर धर.

जानेवारीत तिरुभुवनम्‌च्या रस्त्यावर हरिच्या स्कूटरला लॉरीनं उडवलं. त्या दिवसापासून घरात जिवंत काही मारायचं नाही असं त्याच्या बायकोनं, वाणीनं, ठरवलं. चेन्नईहून बर्फात भरलेले उंदीर मागवले आणि माडीवर एक जुना छोटा फ्रिज चढवला. रावसाहेबांनी त्या उंदरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अकरा आठवड्यांत त्यांचं वजन दोनशे ग्रॅमनं उतरलं.

तोवर वाणीला बेंगळूरला नोकरी लागली. जूनपासून सुष्मिताची शाळाही तिकडेच. सुष्मिता त्यांची मुलगी, सात वर्षांची. कोइमतूरचा साईकुमार नावाचा एक जाणकार साप न्यायला तयार होता, पण त्याची अट होती की मे संपायच्या आत त्यानं मेलेलं भक्ष्य तीनदा खाल्लेलं दिसलं पाहिजे. उपाशी जनावर वाटेतच दगावलं तर पाप कुणाच्या माथी, असं त्याचं म्हणणं. आणि वाणीनं सांगून टाकलं होतं की हरिची वस्तू चांगल्या हातात पडल्याशिवाय ती कुंभकोणम सोडणार नाही.

म्हणजे हिशोब सोपा होता. रावसाहेबांनी तीनदा तोंड उघडलं की सुष्मिता घरातून जाणार. आणि तोंड उघडायला लावायचं काम माझ्याकडे होतं. मी लग्न केलं नाही. त्या पोरीला पहिलं न्हाऊ मी घातलं, पहिला भात मी भरवला. तरी दर बुधवारी सकाळी दहा वाजता मी चिमटा घेऊन माडी चढत होते, आणि प्रामाणिकपणे चढत होते. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

२

सगळे उपाय झाले. लहान उंदीर, मोठा उंदीर, करडा उंदीर. पेटीच्या काचेला काळं कापड लावलं, खोलीतला दिवा बंद केला, तासभर बाहेर जाऊन बसले. उंदीर सकाळी जसा ठेवला तसाच संध्याकाळी, फक्त मऊ पडलेला. रावसाहेब कोपऱ्यात स्वतःचा चेंडू करून बसलेले.

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी माझा पारा चढला. वीज गेलेली, पंखा बंद, घाम डोळ्यांत. माझ्या तोंडून निघालं, "काय पाहिजे की रे तुला? सांग एकदां. आम्ही करूं."

बोलून झाल्यावर कळलं की हे वाक्य माझं नव्हे, घाटावरचं आहे. तंजावूरकडच्या आम्हा मराठी घरांत दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरतात, आणि घरातलं माणूस पुढं होऊन मोठ्यानं शब्द देतं. शेजारची तमिळ मंडळी रोज कावळ्याला भात घालतात, पण त्याच्याशी बोलणी करत बसत नाहीत. ती खोड आमची. हरिच्या दहाव्याला कावेरीकाठी आमचे चुलतभाऊ पांडुरंगराव शब्दांवर शब्द देत होते. वाणीला अंतर देणार नाही, पोरीला शिकवीन, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. नारळीवर कावळे होते, खाली एक आला नाही. ऊन डोक्यावर आल्यावर शास्त्रीबोवांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि काम उरकलं. मी थोरली बहीण तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही पुढं झाले नाही.

तर त्या बुधवारी थट्टेतच मी म्हटलं, "बरं, तुझ्या मालकाचं टेबल भंगारांत देत नाही. झालं?" वाणीनं ते टेबल दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून द्यायचं ठरवलं होतं.

कुठंतरी दोनदा टकटक झालं. लगेच चिमट्याला हिसका बसला. रावसाहेबांनी उंदराला वेटोळं घातलं होतं.

मी आनंदानं ओरडलेच. व्हिडिओ काढून साईकुमारला पाठवला, टेबल ठेवून घ्यायला वाणीला लावलं. शब्दाचा आणि सापाचा संबंध आहे असं माझ्या मनातही आलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतोच की.

३

प्रयोगशाळेतल्या माणसाला एक वाईट सवय असते. एखादी गोष्ट एकदा घडली की ती पुन्हा घडवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

पुढच्या दोन बुधवारी मी सगळं तसंच केलं. तीच वेळ, तेवढंच गरम पाणी, पंखासुद्धा बंद. फक्त बोलले नाही. रावसाहेब हलले नाहीत. तिसऱ्या बुधवारी बोलले, पण मुद्दाम फालतू शब्द दिला. पुढच्या वर्षी काशीला जाईन म्हटलं. काही नाही. त्याच दिवशी, तोच उंदीर परत तापवून, मी म्हटलं की हरिचा मोबाइल नंबर वाणी बंद करायला निघाली आहे, तो मी चालू ठेवीन. टकटक झालं आणि उंदीर गेला.

तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली. पण ती सापाविषयी नव्हती. ती वाणीविषयी होती.

कारण उघड होतं. साप जेवावा याची घाई तिला होती. मी नसताना ती त्याला गुपचूप काही चारत असेल, भूक चाळवत असेल, दाराआड उभी राहून काही वाजवत असेल. मी दोन दिवस माडीच्या दाराला दोरा बांधून ठेवला, उंबऱ्यावर तांदळाची पिठी भुरभुरली. दोरा तुटला नाही, पिठीवर पाऊल उमटलं नाही. तरी मला चैन पडेना. शेवटी मी तिला स्वयंपाकघरात गाठून सरळ विचारलं, माडीवर काय चालवलं आहेस म्हणून.

वाणी वांगी चिरत होती. तिनं विळी आडवी केली. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा नुसता थकलेला होता. ती म्हणाली, "अक्का, मी वर येतच नाहीं. तुम्ही दोनदां ठोकतां ना पेटीस, तेव्हां मज खालीं कळतें कीं त्याणें खाल्लें. तेही असेंच ठोकत होते."

मला हे ठाऊक नव्हतं. हरि जेवण देताना मी कधी माडीवर थांबले नव्हते. तिनंच सांगितलं, की तो पेटीच्या झाकणावर दोन बोटांनी दोनदा वाजवायचा. म्हणजे सापाला समजतं, आता हात येतोय तो उचलायला नाही, जेवण घेऊन येतोय. मग आत उंदीर सोडायचा.

मी तिला सांगितलं नाही की माझ्या एका हातात चिमटा असतो आणि दुसऱ्या हातानं मी काच धरून ठेवते. मी कधीच काही ठोकलेलं नाही.

४

यावर विचार करायला माझ्याकडे भरपूर वेळ होता आणि कारणंही भरपूर होती. उन्हानं लाकूड तडकतं. पेटीखालची गरम चटई तापली की तळाची फळी वाजते. साप झेप घेतो तेव्हा त्याची शेपटी आतून आपटत असेल. यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. अडचण एवढीच होती की आवाज झेपेच्या आधी येत होता.

मेच्या शेवटच्या बुधवारी मी वर गेले. तिसरा घास. रविवारी सकाळी वाणीची गाडी ठरली होती, सामान बांधून झालं होतं. सुष्मिता खाली अंगणात शेजारच्या मुलींबरोबर खेळत होती, तिचा आवाज खिडकीतून येत होता.

मी शब्द तयार करून नेले होते. फोटो बैठकीच्या खोलीत लावीन. कपडे देणार नाही. वर्षश्राद्धाला नाचियार्कोविल्‌हून नवी समई आणीन. एकेक बोलून झालं. उंदीर गार पडला, मी तो परत तापवला. पुन्हा गार पडला, पुन्हा तापवला. रावसाहेबांनी या वेळी मात्र वेटोळं सोडलं होतं. डोकं वर उचललं होतं आणि जीभ आतबाहेर करत होते. पण त्यांचं तोंड उंदराकडे नव्हतं. ते माझ्या उजव्या खांद्याच्या बाजूला पाहत होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी ठरवलं की मान वळवायची नाही. एकतीस वर्षांत मी प्रथमच एखादी गोष्ट न बघण्याचं ठरवलं.

मग मी म्हटलं, "सुष्मी येथेंच राहील. कोठें जाणार नाही."

ते वाक्य आपसूक निघालं असं मी कुणालाही सांगू शकते, पण ते खरं नाही. जानेवारीपासून ते माझ्या तोंडात तयार होतं. घाटावर मी पुढं झाले नाही ते त्याचसाठी. मला भीती होती की मी ते बोलेन आणि कावळा खाली येईल.

टकटक झालं. चिमट्याला ओढ लागली. साप अजून जागचा हलला नव्हता. ओढ हळुवार होती, उजवीकडून आणि वरच्या बाजूनं, एखाद्यानं हातातलं भांडं घ्यावं तशी. मी चिमटा सोडून दिला. उंदीर काही खाली पडला नाही. तो अलगद खाली गेला आणि रावसाहेबांनी तोंड उघडून तो घेतला. वेटोळं घातलं नाही, आवळला नाही. भरवल्यासारखा घेतला.

मी काच सरकवली आणि जिना उतरून खाली आले. वाणी जिन्याच्या तळाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. झालं ना अक्का, म्हणाली. मी हो म्हटलं.

५

शनिवारी साईकुमारचा माणूस गाडी घेऊन आला आणि रावसाहेबांना कापडी पिशवीत घालून पेटीसकट घेऊन गेला. माडी रिकामी झाली. मला खूप हलकं वाटलं. साप गेला, पेटी गेली. शब्द दिला होता तो सापाला, आणि साप आता कोइमतूरला. मी स्वतःला असं समजावलं आणि दुपारी छान झोपले.

त्या रात्री सुष्मिता जेवली नाही. रविवारी सकाळीही नाही. इडली पुढ्यात ठेवली तर ती ताटाजवळ मुकाट्यानं बसून राहिली. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं. विचारलं तर मान हलवायची. वाणीनं गाडी मंगळवारवर ढकलली. सोमवारी डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि जागा बदलायची म्हणून पोर रुसली असेल असं सांगितलं. पाणी पीत होती. दूधसुद्धा नको. रागावून झालं, लाडीगोडी झाली, चॉकलेट झालं. सोमवारी संध्याकाळी तिच्या गालांची हाडं मला दिसायला लागली.

मंगळवारी सकाळी वाणी भात कालवून माझ्याकडे आली आणि वाडगा तिनं माझ्या हातात दिला.

"अक्का, त्या सापास काय बोलत होतां? तें हीसही बोला," ती म्हणाली. "मज कांहीं कळत नाहीं. तुम्हांस येतें खाऊं घालावयास."

मी सुष्मिताच्या समोर बसले. आधी मी प्रामाणिक प्रयत्न केला, हे इथं लिहून ठेवते. मी घास तिच्या ओठांशी नेला आणि म्हटलं की तू आईबरोबर बेंगळूरला जाशील, मोठी शाळा आहे, आई रोज जवळ असेल. तिनं ओठ आवळले. मी म्हटलं, मीसुद्धा येईन तुमच्याबरोबर. ओठ तसेच. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. माझ्या उजव्या खांद्याच्या बाजूला पाहत होती.

मग मी ते वाक्य पुन्हा बोलले, वाणीच्या देखत.

सुष्मितानं तोंड उघडलं. घास मोठा होता. तिनं तो चावला नाही. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते, आणि तो सावकाश खाली जाताना मला दिसला. अख्खा वाडगा तसाच गेला.

वाणी हुंदके देत होती. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली की सरी, बरें, राहूं दे, जेवते तरी. दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर होणं तिला भागच होतं. ती एकटी गेली. दहा दिवसांत येते, तोवर पोरीचा रुसवा जाईल, मग घेऊन जाते, असं ठरलं. गाडी वळल्यावर मी दार लावलं आणि मला आनंद झाला. फार आनंद झाला. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झालेला नाही आणि त्याची मला लाज वाटायला हवी होती.

६

सुष्मिता पुढचे सात दिवस खेळली, हसली, माझ्या कुशीत झोपली. भूक लागली असं एकदाही म्हणाली नाही. वाणीचा रोज फोन यायचा, जेवली का विचारायची, मी खोटंच हो सांगायचे. सुष्मिता शेजारी बसून ऐकायची.

बुधवारी सकाळी दहा वाजता ती आपण होऊन पाटावर येऊन बसली. मी भात कालवून घास पुढं केला. तिनं ओठ आवळले.

मी तेच वाक्य बोलले. आता ते चालेना. मी बरंच काही देऊ केलं. माझी खोली, माझे दागिने, माझी उरलेली वर्षं. गुरुवार गेला. आज शुक्रवारी तिला पाटावर सरळ बसवेना, मी तिला भिंतीला टेकवलं. तिची नजर मात्र हलली नाही, आणि मला काय मागितलं जातंय ते मला आधीच कळलेलं आहे. बुधवारीच कळलं होतं.

जे नवं वाक्य मागितलं जातंय त्यात वाणीचं नाव आहे. ती आज संध्याकाळी बेंगळूरहून निघणार आहे, उद्या उजाडता इथं पोचेल. मी ते वाक्य बोलले तर ती पोचणार नाही.

हरिला बायको हवी असेल, यात नवल काही नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. मी त्याच्यासाठी म्हणून हे बोलले तर भावाची शेवटची इच्छा पुरवली असं म्हणता येईल, आणि पोर जगेल. मी तीन दिवस हेच घोकते आहे. पण घाटावर कावळा आला नाही तो हरिची इच्छा राहिली म्हणून, की माझी राहिली होती म्हणून, हे मला कुणी सांगू शकत नाही. मी अजून उजवीकडे मान वळवून पाहिलेलं नाही. तिथं हरि नसेल आणि कुणीच नसेल, तर मग हे सगळं कोण मागत होतं, याचं उत्तर मला द्यावं लागेल.

आत्ता फोन वाजला. वाणी विचारत होती की सुष्मीसाठी काय आणूं. पावम्, बाजारात उभी होती बिचारी, मागं गाड्यांचे आवाज येत होते. मी म्हटलं काही नको, तू ये. मी खरंच म्हटलं तसं.

भात तिसऱ्यांदा गार झाला होता. मी तो परत गरम करून आणला, पाटासमोर बसले, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उठून खिडकी लावून घेतली.